जुन्या गाडीचे घटलेले ॲव्हरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची, एक लिटर क्षमतेचे इंजेक्शनचे इंजिन असलेली पेट्रोलवरची लहान गाडी असून ती आजवर ९२ हजार किलोमीटर चालली आहे. पूर्वी ती सोलापूर शहरात लिटरला १६ आणि पुणे रस्त्यावर १९ ते २० किलोमीटर देत असे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सहकुटुंब तुळजापूरला जाताना घाटात गाडीतले पाणी उकळले. परत आल्यावर नेहमीच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घेतली आणि तेव्हापासून गाडी एकदाही तापलेली नाही. भर मे महिन्यातसुद्धा तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत येत नाही. मात्र ॲव्हरेज आता शहरात साडेअकरा आणि महामार्गावर साडेबारावर आले आहे. प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. नऊ हजारांच्या आसपास खर्च झाला, पण फरक पडला नाही. आता 'हा इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम आहे, जुनी गाडी काढून टाका' असे सांगितले जाते. गाडी वडिलांनी घेतलेली असल्यामुळे ती विकण्याची इच्छा नाही. कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आपण समाधानाने लिहिले आहे, आणि नेमके तेच मला काळजीचे वाटते. सोलापूरच्या मे महिन्यात, चाळीसच्या वर पारा असताना, गाडीचा काटा निम्म्यापर्यंतही येत नसेल तर ते इंजिन निरोगी असल्याचे लक्षण नव्हे. ते इंजिन जेवढे गरम व्हायला हवे तेवढे होत नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त घेते. घाटात गाडी उकळल्यानंतरच्या दुरुस्तीत काय काय केले गेले, हे आधी शोधले पाहिजे. त्या दिवसाची पावती किंवा आठवण नव्या सुट्या भागांपेक्षा अधिक कामाची आहे.

त्याआधी इथेनॉलचा हिशेब करू या, कारण त्या एका कारणाखाली सध्या गॅरेजमधले पुष्कळ दोष झाकले जात आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले तर एकूण ऊर्जेत, निव्वळ पेट्रोलच्या तुलनेने, ६ ते ७ टक्के घट होते. आपली गाडी त्या इंधनासाठी बनवलेली नसल्याने तिला हा फटका जवळजवळ पूर्ण बसेल असे धरले, तरी शहरातले १६ पंधराच्या आसपास यायला हवे होते आणि महामार्गावरचे साडेएकोणीस अठराच्या आसपास. प्रत्यक्षात शहरात २८ टक्के आणि महामार्गावर ३६ टक्के घट झाली आहे. इथेनॉलमुळे जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील तपासत राहणे आवश्यक आहे, हे खरे. पण आपल्या तक्रारीतला मोठा वाटा त्याच्या माथी मारता येणार नाही. सोलापूरहून पुण्याला जाऊन येण्याचे अंतर सुमारे ५०० किलोमीटर धरले तर पूर्वी आपल्याला २६ लिटर पेट्रोल लागत असे, आता ४० लागते.

आपल्या आकड्यांत आणखी एक खूण आहे. कोणत्याही ठीक चालणाऱ्या गाडीला सात रस्ता किंवा नवी पेठेतल्या गर्दीपेक्षा मोकळ्या महामार्गावर बरेच चांगले ॲव्हरेज मिळते. आपल्या गाडीला मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच मिळते. शहरातल्या वाहतुकीत, सतत थांबण्या-निघण्यात दिसणारा दोष क्लच, इग्निशन किंवा चालवण्याच्या सवयीत असू शकतो, परंतु जो दोष महामार्गावर अधिक ठळक होतो तो बहुधा दोन प्रकारचा असतो : एक तर चाक कुठेतरी धरून राहते, नाही तर वेगाने येणाऱ्या वाऱ्यामुळे इंजिन वाजवीपेक्षा थंड पडते. आपला काटा दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो, म्हणून मी आधी तिकडे वळतो.

इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा वॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला नुसते 'वॉल' म्हणतात. त्यात मेण भरलेली एक डबी असते. इंजिन थंड असते तोवर वॉल बंद राहतो आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेले की मेण वितळून फुगते, वॉल उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडले जाते. अशा रीतीने हा भाग इंजिनाचे तापमान एका पातळीवर धरून ठेवतो. तो अडकून बंद राहिला तर गाडी उकळते, आणि म्हणूनच गाडी उकळली की पुष्कळ कारागीर तो काढूनच टाकतात. 'आपल्या भागात उष्णता इतकी आहे की वॉलची गरजच नाही,' असे त्यांचे म्हणणे असते, आणि सोलापुरात ते ऐकणाऱ्याला पटतेही. परंतु हिशेब घालून पाहा : बाहेर ४३ अंश तापमान असले तरी इंजिनाला ८५ ते ९५ अंश हवे असतात, म्हणजे आपली कडक दुपारसुद्धा इंजिनाच्या गरजेच्या निम्म्यावरच आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर ती हवा आदळत राहिली, आणि पाण्याला अडवणारा वॉल जागेवर नसला, तर इंजिनातले पाणी साठ-पासष्ट अंशांवर येऊन थांबते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर त्याहून खाली.

तापमान सेन्सर हा आकडा इंजिनाच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे हे ठरवणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवतो. गाडी अजून गरम व्हायची आहे असा त्याचा अर्थ लावून ते पेट्रोल थोडे जास्त सोडते आणि आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा फिरण्याचा वेग, चढा ठेवते. सकाळी पहिली पाच मिनिटे हे योग्यच असते. आपल्या गाडीत बहुधा दिवसभर तसेच चालू आहे. शिवाय थंड ऑइल दाट राहते आणि इंजिनाची काही शक्ती ते फिरवण्यातच जाते.

या दुरुस्तीबरोबर बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट केली जाते, ती म्हणजे 'फॅन डायरेक्ट'. रेडिएटरचा पंखा पाणी ठरावीक तापमानापर्यंत गेल्यावर सुरू व्हावा आणि ते उतरल्यावर बंद पडावा अशी मूळ रचना असते. तिच्यातला स्विच, सेन्सर किंवा रिले बिघडला की तो शोधण्याऐवजी पंख्याची वायर थेट चावीशी जोडली जाते. मग चावी फिरवल्यापासून ती काढेपर्यंत पंखा फिरत राहतो, इंजिन थंड करतो, वीज खातो आणि स्वतःचे आयुष्यही झिजवतो.

आता तपासणी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा एसी बंद ठेवून सकाळी ती सुरू करा. पंखा ताबडतोब फिरू लागला, तर तो डायरेक्ट केलेला आहे किंवा तापमान सेन्सर तरी बिघडलेला आहे, कारण सेन्सरकडून भलताच आकडा आला की काही गाड्यांचे कंट्रोल युनिट खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवते. त्यानंतर बॉनेट उघडून, कपड्याची टोके आणि हात पट्ट्यांपासून व पंख्यापासून दूर ठेवून, इंजिनातून रेडिएटरला वरच्या बाजूने जाणारी जाड रबरी नळी दर मिनिटाला हाताने चाचपून पाहा. वॉल जागेवर आणि ठीक असेल तर ती नळी बराच वेळ थंड राहते आणि मग थोड्याच अवधीत हात लावता येणार नाही इतकी गरम होते. वॉल काढलेला असेल तर ती अगदी सुरुवातीपासून इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत जाते. काही इंजिनांत वॉल खालच्या नळीच्या बाजूला असतो, तेव्हा हीच परीक्षा खालच्या नळीवर करावी लागते. रेडिएटरचे झाकण मात्र गरम गाडीत कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. वाफेने तोंड आणि हात भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

यापेक्षा निर्णायक परीक्षा स्कॅनरची. गाडीला स्कॅनर जोडणाऱ्या एखाद्या कारागिराला शेजारी बसवून बाळे ओलांडून मोहोळच्या दिशेने पंचवीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने जा, आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान चालत्या गाडीत वाचा. ते ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर राहिले तर माझा अंदाज चुकला असे समजावे आणि काट्याचाच सेन्सर बदलावा, कारण पुष्कळ गाड्यांत काट्याचा सेन्सर आणि कंट्रोल युनिटचा सेन्सर वेगवेगळे असतात. शहरात ऐंशीच्या आसपास असणारे तापमान महामार्गावर साठीकडे घसरू लागले, तर निदान झाले. त्याच वेळी ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे, वाचनही पाहून घ्यावे. गरम इंजिनात ते सतत खालीवर होत राहायला हवे. एका जागी चिकटून राहिले, तर वर्षभर जादा पेट्रोलवर चाललेल्या गाडीत तो सेन्सर काजळीने निकामी झाल्याची शक्यता धरावी लागेल. वॉल नसल्यामुळे ॲव्हरेजमध्ये इतकी मोठी घट एकट्याने होणे मला कठीण वाटते. त्याच्या जोडीला काहीतरी आहे, आणि सेन्सर हा पहिला संशयित आहे.

दुसरा संशयित चाकांमध्ये आहे. एखाद्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून, एका माणसाने ढकलून पाहावी. लहान गाडी फारशा जोराशिवाय सरकली पाहिजे. नंतर अक्कलकोट रस्त्याला दहा-पंधरा किलोमीटर जाऊन, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून थांबावे आणि चारही रिमजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन उष्णता पाहावी. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले तर त्याचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकतो आहे, किंवा मागच्या चाकाची हँडब्रेकची केबल परत येत नाही. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या आणि पावसाळ्यानंतर आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कॅलिपरच्या पिना जाम होणे हे इतके नेहमीचे आहे, की ॲव्हरेजची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचे चाक मी आधी हाताने फिरवून पाहतो. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. एवढ्यावर बोलण्यासारखे अधिक काही नाही.

आपण बदललेल्या एअर फिल्टरबद्दल थोडे सांगतो, कारण याविषयी गैरसमज फार आहे. इंजेक्शनच्या इंजिनात फिल्टर चोंदला तर हवा कमी जाते, कंट्रोल युनिट ते ओळखून पेट्रोलही कमी करते, आणि परिणामी गाडीची ओढ घटते. ॲव्हरेज मात्र फारसे बदलत नाही. तेव्हा तो बदलणे चुकीचे नव्हते, पण त्याने हा आजार बरा होणार नव्हता.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. नवा वॉल आणि त्याचे गॅस्केट यांचा खर्च आपल्या गाडीच्या एका टाकीभर पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी येईल, पण तो बसवण्याआधी तुळजापूरच्या घाटात पाणी का उकळले याचे उत्तर मिळालेच पाहिजे. रेडिएटर क्षाराने चोंदला होता का, झाकणाची स्प्रिंग सैल झाली होती का, पाण्याचा पंप गळत होता का, पंखा वेळेवर लागत नव्हता का, की जुना वॉलच अडकला होता? हे न पाहता नुसता नवा वॉल घातला तर पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा उकळेल आणि कारागीर म्हणेल, 'मी सांगितलेच होते.' आपल्या भागात रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी सर्रास घातले जाते. त्यातला क्षार आतून थर धरतो, म्हणून सगळी यंत्रणा धुऊन घेऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. पंख्याची मूळ जोडणी परत करून घ्यावी. सर्वांत शेवटी इंजिन ऑइल बदलावे, कारण इतके दिवस जादा पेट्रोलवर चाललेल्या थंड इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून वास घेतला तर ते आपल्यालाही कळेल.

आणि मोजमाप नीट करा. गाडी रिझर्व्हवर येईपर्यंत किती चालली यावरून काढलेला आकडा भरवशाचा नसतो. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलने, पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरावी, किमान ३०० किलोमीटर चालवावी, त्याच ठिकाणी तशीच पुन्हा भरावी आणि चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागावे. दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर दोनदा असे केले, तर सुधारणा किती झाली हे आपल्याला कोणाला विचारावे लागणार नाही. एका वेळी एकच दुरुस्ती करा, म्हणजे कशाने फरक पडला हे कळेल. कळवलेत तर मला आनंद होईल, विशेषतः माझे निदान चुकले असेल तर.


प्रश्न : माझ्या जुन्या गाडीला १४५/८० आर १३ मापाचे टायर होते. मागील महिन्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून १५५/८० आर १३ घातले. तेव्हापासून ॲव्हरेज लिटरला अर्ध्या किलोमीटरने कमी भरते. टायर परत करावेत का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी घट खरी आहे का ते पाहा. जुन्या टायरचा व्यास सुमारे ५६२ मिलिमीटर होता, नव्याचा ५७८ आहे, म्हणजे जवळजवळ ३ टक्के अधिक. चाकाच्या एका फेरीत गाडी आता जास्त अंतर जाते, पण मीटर पूर्वीच्याच हिशेबाने मोजतो, त्यामुळे गाडी ३०० किलोमीटर चालली तरी मीटरवर सुमारे २९२ च दिसतात. १७ किलोमीटर देणारी गाडी त्यामुळे कागदावर साडेसोळा देते. सोलापूर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड पाहून वीस किलोमीटर मोजा, मीटरशी ताडून पाहा आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात करा. त्यानंतरही घट उरली तर ती रुंद टायरच्या घर्षणाची आणि वजनाची आहे. मीटरवरचा वेगसुद्धा आता खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे महामार्गावर लक्षात असू द्या. टायर चाकाच्या कमानीला किंवा वळताना आतल्या बाजूला घासत नसतील तर केवळ ॲव्हरेजसाठी ते परत करण्याचे कारण मला दिसत नाही.


प्रश्न : मी विजापूर रस्त्यावर राहणारा विद्यार्थी असून २०१२ सालची शंभर सीसीची कार्बोरेटरची मोटारसायकल वापरतो. ती वडिलांकडे असताना ६० देत असे, आता ४२ देते. इंजिनाचे काम करावे लागेल असे सांगतात. खर्च झेपणारा नाही.

उत्तर : इंजिन खोलू देऊ नका, निदान इतक्यात. प्लग काढून त्याचे टोक पाहा. ते फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे आणि दोष चाक, चेन किंवा क्लचमध्ये शोधावा. ते कोरड्या काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. अशा वेळी चोकची केबल किंवा दांडी पूर्ण परत येते का हे सर्वांत आधी पाहावे, कारण अर्धवट ओढलेला चोक मी अशा तक्रारींत कितीतरी वेळा पाहिला आहे आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. त्यानंतर एअर फिल्टर. वरच्या उत्तरात मी इंजेक्शनच्या गाडीविषयी जे लिहिले ते येथे लागू नाही. कार्बोरेटरला हवा कमी झाल्याचे कळत नाही, उलट चोंदलेल्या फिल्टरमुळे तो पेट्रोल अधिक ओढतो. फिल्टर नवा असूनही प्लग काळाच पडत असेल तर कार्बोरेटर उघडून फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची आणि झिजलेली नीडल-जेटची (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुई आणि छिद्राची) जोडी पाहावी. ती जोडी बदलून मिळते. टोक काळे आणि ओले, तेलकट असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तरच रिंग-पिस्टनचा विचार करावा.

क्लचची परीक्षा सोपी आहे. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेटा घसरत आहेत. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा; साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल हवी. फार ताणलेली चेन शक्ती खाते आणि बेअरिंगही. परीक्षेच्या काळात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि असे पेट्रोल साचून राहिले की जेट चोंदतात.


प्रश्न : ॲव्हरेज घटले की पंपावर कमी पेट्रोल मिळते असा संशय येतो. तो कसा पडताळावा?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र खात्याने शिक्का मारलेले ५ लिटरचे माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. म्हणजे अर्धा टक्का. लिटरला १६ देणाऱ्या गाडीच्या हिशेबात तो शंभर मीटरचाही नाही. माप मागताना संकोच करू नका, पण त्यावरचा शिक्का आणि साल आधी वाचा. माप बरोबर निघाले तर टाकी पूर्ण भरून वर सांगितल्याप्रमाणे ३०० किलोमीटरची मोजणी सुरू करा.